पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ

सप्टेंबर २०२३. ऑगस्टभर पावसानं दडी मारलेली, त्यामुळे शिवारातला ऊस वाढीला लागलेलाच नव्हता. अशात राज्य सरकारनं आदेश काढला की ३० एप्रिल २०२४ पर्यंत महाराष्ट्रातला ऊस परराज्यात नेता येणार नाही. ऊस कमी, कारखाने अनेक. तो बाहेर गेला तर आपल्या कारखान्यांची धुराडी पेटायची कशी, हा त्यामागचा हिशेब. मुंबई-पुण्यात ही बातमी आतल्या पानावर गेली. मिरज आणि शिरोळ तालुक्यांत मात्र ती सगळ्यांत मोठी बातमी होती. राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं आंदोलनाचा इशारा दिला आणि काही दिवसांतच सरकारनं आदेश गुंडाळला.

एवढी आग का व्हावी, हे नकाशा पाहिल्यावर कळतं. मिरजेहून दक्षिणेला निघालं की म्हैसाळ येतं, म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. बेडग, आरग, नरवाड, सलगरे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या बांधावरून महाराष्ट्रातला कारखाना जितका लांब, तितकाच किंवा त्याहून जवळ कर्नाटकातला. तिथं अथणी शुगर्स आहे, कागवाडचा शिरगुप्पी शुगर आहे, आणि मिरज-बेळगाव लोहमार्गावरच्या उगार खुर्दचा जुना उगार शुगर वर्क्स आहे. उगारची गंमत अशी की १९३९ साली स्थापन झालेली ही शिरगावकर घराण्याची कंपनी, तिचं नोंदणीकृत कार्यालय सांगलीत आणि गाळप कर्नाटकात. हंगामात या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या दोन्ही दिशांनी धावतात. कर्नाटकातले कारखाने बऱ्याचदा आधी सुरू होतात. महाराष्ट्रातला हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समिती ठरवते. ती अनेकदा नोव्हेंबरची तारीख देते; तोवर सीमेपलीकडच्या कारखान्यांची गव्हाण, म्हणजे ऊस टाकायची जागा, भरलेली असते. ज्याला गव्हासाठी किंवा हरभऱ्यासाठी रान मोकळं करायचंय, तो कशाला थांबेल?

म्हणजे मिरज तालुक्याच्या दक्षिण टोकाला उसाला दोन-तीन गिऱ्हाइकं आहेत. महाराष्ट्राच्या आतल्या बऱ्याच गावांत ती नाहीत, आणि हे आपोआप घडलेलं नाही. तशी रचना कायद्यानं केलेली आहे.

मक्तेदारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विकणारा येतो. एकच कंपनी, ती म्हणेल तो भाव, गिऱ्हाईक मुकाट. भारतात २००२ चा स्पर्धा कायदा आला, त्यातल्या मुख्य तरतुदी मे २००९ पासून अमलात आल्या. तेव्हापासून वर्तमानपत्रांत गाजलेले निकाल याच धर्तीचे आहेत. जून २०१२ मध्ये स्पर्धा आयोगानं अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार कोटींच्या वर दंड ठोठावला; ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला तेराशे कोटींच्या वर. मिरज ही दवाखान्यांची पेठ आहे. डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून इथं रोगी येतात ते थेट उत्तर कर्नाटकातून. त्यामुळे इथल्या वाचकाला फेब्रुवारी २०१३ चा निकालही जवळचा वाटेल. औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेची 'ना हरकत' असल्याशिवाय नवा घाऊक विक्रेता नेमायचा नाही, या रिवाजाला आयोगानं बेकायदा ठरवलं आणि संघटनेला सुमारे ४७ लाखांचा दंड केला. हे सगळं गिऱ्हाइकाच्या बाजूनं झालं, आणि ते योग्यच.

पण शेतकरी इथं गिऱ्हाईक नाही, तो विकणारा आहे. त्याच्यासमोर घेणारा एकच असेल तर? अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या उलट्या मक्तेदारीला अर्ध्या पानाची जागा मिळते. पश्चिम महाराष्ट्रात मात्र राजकारण, सहकार, लग्नकार्यं आणि पाणीवाटपसुद्धा तिच्याभोवती फिरतं.

ऊस हा माल मुळातच विक्रेत्याला बांधून ठेवणारा. तोडल्या क्षणापासून त्यातली साखर आणि वजन घटायला लागतं. चोवीस तासांत तो गव्हाणीत पडायला हवा. कांद्यासारखा तो चाळीत ठेवता येत नाही, हळदीसारखा वाळवून पेवात पुरता येत नाही. सांगलीच्या हळद सौद्यात भाव पटला नाही तर पोती परत नेण्याची तरी मुभा असते. उसाच्या बाबतीत नोंद कारखान्याकडं, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याच्या गट ऑफिसात, तोडणी मजुरांची टोळी कारखान्याच्या करारातली, ट्रॅक्टर कारखान्याच्या यादीतला. पाळी आली नाही तर ऊस रानातच उभा राहतो, तुरे फुटतात, आतून पोकळ होतो. एक गिऱ्हाईक हातचं सोडून दुसऱ्याकडं जायचं तर ते वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत हवं. त्यापुढं वाहतूकच दर खाऊन टाकते.

आणि नेमकं हेच अंतर सरकारनं कारखान्यांना बहाल केलंय. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात नोव्हेंबर २००६ मध्ये केंद्रानं दुरुस्ती केली. कुठल्याही दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असलं पाहिजे. राज्याला वाटलं तर केंद्राच्या पूर्वपरवानगीनं ते वाढवता येईल. महाराष्ट्रानं ते २५ केलं. ऐकायला पंधराचे पंचवीस म्हणजे फार काही नाही. पण अंतर रेषेत मोजतात आणि ऊस उगवतो क्षेत्रात. दोन कारखान्यांत १५ किलोमीटर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ येतं, म्हणजे सुमारे १७७ चौरस किलोमीटर. अंतर २५ झालं की त्रिज्या साडेबारा आणि क्षेत्र सुमारे ४९१. पावणेतीन पट रान एका कारखान्याच्या अंगणात जमा झालं, तेही एक रुपया न गुंतवता.

या नियमाच्या बाजूनं नेहमी एक युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच फुसका नाही. कारखाना उभारायला शेकडो कोटी लागतात. शेजारी दुसरा उभा राहिला तर दोघांनाही ऊस पुरणार नाही, दोन्ही आजारी पडतील, आणि बुडलेल्या कारखान्याच्या थकलेल्या बिलांत शेवटी शेतकरीच भरडला जाईल. बुडालेल्या कारखान्यांचे सांगाडे आपण पाहिलेत, त्यामुळे हे एकदम उडवून लावता येत नाही. पण मग एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. असलेल्या कारखान्यानं आपली गाळप क्षमता वाढवायची ठरवली तर हे हवाई अंतर आड येत नाही. अडीच हजार टनांचा कारखाना पाच हजारांचा, सात हजारांचा, दहा हजारांचा झाला. राज्यात गाळपाची भूक इतकी वाढली की अलीकडच्या हंगामात अनेक कारखाने शंभर दिवसांच्या आतच बंद झाले. उसापेक्षा क्षमता जास्त होऊ नये हा हेतू असता, तर विस्तारालाही वेसण घातली असती. वेसण फक्त नव्यानं येणाऱ्याला आहे. म्हणजे नियम उसाची उपलब्धता राखत नाही, तो असलेल्यांची जागा राखतो.

हवाई अंतराआधी झोनबंदी होती. १९८४ च्या राज्य आदेशानं प्रत्येक कारखान्याला कार्यक्षेत्र नेमून दिलं होतं. त्या गावचा ऊस त्याच कारखान्याला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवलं आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती उठली. आज महाराष्ट्रातला शेतकरी कायद्यानं आपला ऊस राज्यात कुठंही घालू शकतो. कागदावर हे मोठं स्वातंत्र्य आहे. उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्याला ते अजून नाही. पण कुंपण काढलं आणि त्याच वेळी शेजारी घर बांधायला बंदी घातली, तर कुंपण काढल्याचा उपयोग किती? दहा वर्षांच्या आत झोनबंदीची जागा हवाई अंतरानं घेतली. रघुनाथदादा पाटील आणि सदाभाऊ खोत यांच्या संघटना ही अट काढा म्हणून ओरडत आल्यात, आणि दोघेही याच सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे, हा योगायोग नव्हे. कृष्णाकाठी कारखाने दाट आहेत, त्यामुळे दरातला फरक बांधाबांधावर दिसतो.

जगात मक्तेदारीविरोधी कायद्याची पहिली मोठी परीक्षा साखरेवरच झाली, हे इथं सांगायला हवं. अमेरिकेत १८९० साली शर्मन कायदा झाला. रेल्वे कंपन्या आणि धान्याची कोठारं शेतकऱ्याला लुबाडतात, हा तिथल्या शेतकरी चळवळींचा राग त्यामागं होता. पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, या कायद्याचा पहिला महत्त्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तो अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीचा. तिनं फिलाडेल्फियातले चार शुद्धीकरण कारखाने विकत घेऊन देशातली जवळजवळ सगळी साखर आपल्या मुठीत आणली होती. न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं सांगितलं की साखर बनवणं म्हणजे व्यापार नव्हे, सबब कायदा लागू नाही. त्या निकालानं कायदा कित्येक वर्षं लुळा झाला. पुढं १९२१ मध्ये त्याच देशानं पशुपालकांसाठी वेगळा कायदा केला, कारण मांसाच्या मूठभर कंपन्या जनावरांच्या बाजारात एकमेव घेणाऱ्या होऊन बसल्या होत्या. विकणाऱ्या शेतकऱ्याला घेणाऱ्याच्या मक्तेदारीपासून वाचवायला स्वतंत्र कायदा लागतो, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, त्यांनी आणखी एक केलं: शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली आणि भाव ठरवला तर तो मक्तेदारीचा गुन्हा धरू नये, असा कायदा.

आपल्याकडं सहकारी साखर कारखाना जन्मला तोही याच कल्पनेतून. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० च्या सुमारास कारखाना सुरू केला तेव्हा आजूबाजूचे कारखाने खासगी होते आणि भाव तेच ठरवत. घेणाऱ्याची मक्तेदारी मोडायची तर घेणाराच आपण व्हायचं, असा तो डाव. वसंतदादा पाटलांनी सांगलीत तोच डाव टाकला आणि तो कारखाना एकेकाळी आशियातला सगळ्यांत मोठा म्हणून सांगितला जायचा. माझ्या मते विसाव्या शतकातला मक्तेदारीविरोधाचा महाराष्ट्रातला सगळ्यांत धाडसी प्रयोग हाच. त्याला कुणी त्या नावानं ओळखलं नाही इतकंच.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. शेतकरी मालक झाला, पण मालकाला भाव विचारायची सोय राहिली नाही. कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षण संस्था आणि आमदारकी एकाच वाड्यात गेली. काही कारखाने एका छत्राखाली आले: वाळवा तालुक्यातला राजारामबापू कारखाना आज साखराळे, वाटेगाव, कारंदवाडी आणि थेट जतमध्येही गाळप करतो. काही दुबळे झाले: वसंतदादा कारखाना २०१७ पासून दत्त इंडिया या खासगी कंपनीनं भाड्यानं चालवायला घेतला. मिरज तालुक्यात आरगला मोहनराव शिंदे कारखाना आहे, पलीकडं शिरोळात दत्त सहकारी कारखाना. नव्यानं येऊ पाहणाऱ्याला मध्ये कुठं शिरायचं तर पंचवीस किलोमीटरचा कंपास आडवा येतो. राजारामबापूचा विस्तार बेकायदा आहे असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण सिमेंटच्या धंद्यात एका कंपनीनं दुसरीचा कारखाना घेतला की बाजारातला तिचा वाटा मोजला जातो. इथं ऊस खरेदीच्या पट्ट्यात कुणाचा वाटा किती झाला, हे कुणी मोजत नाही.

आता दर कसा ठरतो ते बघू, कारण खरी मेख तिथं आहे. केंद्र सरकार दरवर्षी एफआरपी म्हणजे रास्त व किफायतशीर दर जाहीर करतं. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलला ३४० रुपये होता, २०२५-२६ साठी ३५५. त्यापुढच्या प्रत्येक पॉइंटला वाढ. बारा टक्के उतारा धरला तर २०२५-२६ चा हिशेब टनाला साधारण ४,१५५ रुपयांवर जातो. मग त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा. ही वजावट कारखान्याच्या सगळ्या उसाची सरासरी काढून केली जाते. म्हणजे गव्हाणीला लागून ज्याचं रान आहे तो साठ किलोमीटरवरून आलेल्या उसाच्या गाडीभाड्यातही हिस्सा देतो. वजन कारखान्याच्या काट्यावर. उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तोडणी खर्च कारखान्याच्या हिशेबात. मालाचं माप, मालाची प्रत आणि मालातून करायची कपात हे तिन्ही घेणाराच ठरवतो, असा दुसरा कुठला बाजार मला तरी माहीत नाही. काटामारीच्या तक्रारी दर हंगामात होतात त्या यामुळंच.

एफआरपी हाही एक पैलू आहे आणि तो विसरून चालणार नाही. मुक्त बाजाराचे काही भक्त म्हणतात, अंतर काढा आणि एफआरपीही काढा, बाजार बघून घेईल. घेणारा एक आणि माल चोवीस तासांत नासणारा, अशा बाजारात किमान दर काढणं म्हणजे शेतकऱ्याला उघडं पाडणं. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीनं ऑक्टोबर २०१२ मध्ये अहवाल दिला तो यापेक्षा शहाणा होता. क्षेत्र आरक्षण आणि किमान अंतराची अट टप्प्याटप्प्यानं काढावी, लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला स्वस्तात द्यायची साखर, बंद करावी, साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला सुमारे ७० टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, असं तिनं सुचवलं. लेव्ही दुसऱ्याच वर्षी गेली, कारण तिचा बोजा कारखान्यांवर होता. अंतराची अट राहिली. अहवाल आला त्याच्या पुढच्याच महिन्यात पलूस तालुक्यातल्या वसगड्याला ऊसदराच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि एक शेतकरी मेला.

साखरेच्या विक्रीकडं पाहिलं तर आणखी गंमत दिसते. जून २०१८ पासून केंद्रानं साखरेला किमान विक्री दर बांधला, आधी किलोला २९ रुपये, फेब्रुवारी २०१९ पासून ३१. शिवाय कुठल्या कारखान्यानं कुठल्या महिन्यात किती साखर विकायची याचा कोटा दिल्ली ठरवते. पुरवठा आवरून भाव सावरायचा, हा ठपका ठेवून सिमेंट कंपन्यांना दंड झाला. साखरेत तेच काम सरकार राजपत्रातून करतं. त्याचं समर्थनही आहे: भाव कोसळला तर उसाची बिलं थकतात. मान्य. मग विकताना संरक्षण मिळालेल्या धंद्याला घेतानाही एकटेपण कशाला?

कारखान्यांनाही मक्तेदारीचा चटका ठाऊक आहे, हे विशेष. साखरेची काही पोती ताग गिरण्यांकडूनच घ्यावी लागतात. त्या गिरण्या संगनमतानं भाव ठरवतात, अशी तक्रार घेऊन साखर कारखान्यांचीच संघटना स्पर्धा आयोगाकडं गेली आणि २०१४ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. पोत्याच्या बाबतीत जो कायदा आठवला तो पोत्यात भरायच्या मालाच्या बाबतीत कुणाला आठवत नाही.

स्पर्धा कायद्याचं कलम ३ खरेदीचा भाव आपसात ठरवणंही गुन्ह्यात मोडतं असं स्पष्ट सांगतं. आता दरवर्षी हंगामाच्या तोंडावर काय होतं ते आठवा. जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, शेट्टी आकडा जाहीर करतात, गाड्या अडवल्या जातात, मग कारखान्यांचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि संघटना एका टेबलाला बसतात आणि पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, ठरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग रोखल्यानंतर कोल्हापुरात तोडगा निघाला: मागच्या हंगामात तीन हजारांच्या आत दर दिलेल्यांनी टनाला शंभर रुपये, त्यावर दिलेल्यांनी पन्नास रुपये जादा द्यायचे. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळाले, म्हणून कुणी कुरकुरलं नाही, कुरकुरूही नये. पण घेणाऱ्या सगळ्यांनी एका खोलीत बसून दर ठरवला, आणि खोली सरकारी होती. बाजारात दोन गिऱ्हाइकांची चुरस असती तर त्या पन्नास रुपयांसाठी महामार्ग अडवायची पाळी आली असती का?

स्पर्धा आयोगाला इथं अधिकार आहे की नाही, यावर वकील वाद घालतील. कायद्याच्या कलम १९ मध्ये बाजारातलं वर्चस्व तपासताना ते एखाद्या कायद्यामुळं मिळालं असलं तरी विचारात घ्यावं, असं म्हटलंय. म्हणजे सरकारी वर्तुळात बसलेला कारखाना आपोआप सुटत नाही. पण वर्चस्व असणं गुन्हा नाही, त्याचा गैरवापर गुन्हा आहे, आणि तो सिद्ध व्हायला व्यवहारात तक्रारदार लागतो. ज्याचा ऊस पुढच्या वर्षीही त्याच गव्हाणीत जायचाय तो दिल्लीला तक्रार करेल कशाला? कलम ४९ नुसार आयोग सरकारला धोरणावर सल्ला देऊ शकतो, पण तो सरकारवर बंधनकारक नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की वर्तुळ पुसा, एफआरपी ठेवा, आणि काटा व उतारा घेणाऱ्याच्या हातातून काढा. या तिन्हींतलं पहिलं सगळ्यांत सोपं, कारण त्याला एक अधिसूचना पुरते. मिरजेच्या दक्षिणेला राज्याच्या सीमेनं ते वर्तुळ आधीच कापलंय, कारण कागवाडला महाराष्ट्राचा कंपास पोचत नाही. आणि २०२३ चा आदेश हा त्या कापलेल्या कडेला शिवण घालण्याचाच प्रयत्न होता.

मात्र वर्तुळ पुसल्यानं सगळं सुटेल असं समजणं भाबडेपणाचं होईल. शेतकऱ्याला खरं बांधून ठेवलंय ते टोळीनं. बीड, जत, विजापूरकडचे ऊसतोड मजूर मुकादमामार्फत येतात. त्यांना आगाऊ उचल कारखाना किंवा त्याचा वाहतूकदार देतो, त्यामुळे टोळी कुणाच्या रानात कधी जाईल हे कारखान्याच्या हातात. दहा कारखाने उघडले तरी तोडणारा नसेल तर निवड कसली? आताच शेतकऱ्याला टोळीला 'खुशाली' आणि ड्रायव्हरला 'एंट्री' म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, ते दराच्या कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. यंत्रानं तोडणी हळूहळू वाढतेय. हार्वेस्टर बहुतेक ठिकाणी कारखान्याशी करार केलेल्या मालकाचा असतो. तो गावच्या सोसायटीनं किंवा शेतकरी कंपनीनं घेतला आणि तोडणीचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवला, तर बेडगचा शेतकरी आरगला ऊस घालायचा की उगारला, हे पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं स्वतः ठरवेल. यासाठी केंद्राच्या अधिसूचनेची वाट बघायची गरज नाही. हार्वेस्टरला अनुदानाची योजनाही आहे. ते अनुदान कुणाच्या नावावर जातंय, हे या हंगामात तालुक्या-तालुक्यांत तपासून बघायला हवं.